वाचकांचे प्रश्न: चाळीस पिना आणि एक खिडकीची बॅग

गेल्या अंकात मी मिरजेच्या तंबोऱ्यांच्या गवसण्या कशा शिवतात त्यावर चार पानं लिहिली होती. शेवटी जाता जाता एक ओळ टाकली की हल्ली कॉलेजच्या मुली पारदर्शक खिडकीची बॅग शिवून मागतात, आत पिना, म्हणजे धातूचे छोटे रंगीत बिल्ले, मांडायला. पत्रं आली ती सगळी त्या एका ओळीवर. गवसण्यांवर एकही नाही. असो. सांगलीत कापड पेठेच्या मागे माझं मशीन रोज चालू असतं, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेवढंच सांगते.

मावशी, माझ्याकडे चाळीसेक इनॅमल पिना आहेत. निम्म्या किल्ल्यांच्या, निम्म्या अॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या. आत्तापर्यंत डेनिम जॅकेटला लावत होते, पण एसटीच्या गर्दीत दोन पडल्या. ऑनलाइन बदामाच्या आकाराच्या खिडकीची एक बॅग १,८०० रुपयांना दिसतेय. आई म्हणते, तेवढ्यात दोन शिवून होतील. घेऊ की शिवून घेऊ?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सातारा

बाळा, आधी तो बदाम डोक्यातून काढ. फोटोत गोड दिसतो, पण वरच्या खाचेत आणि खालच्या टोकात पिन बसतच नाही. चौकोनी खिडकी घे, कोपरे हवे तर गोल कर.

आता घेऊ की शिवू. या बॅगा मूळच्या जपानच्या, तिकडे त्यांना इता-बॅग म्हणतात. टोकियोत अकिहाबारा, इकेबुकुरो या भागांत आवडत्या पात्राचे बिल्ले खच्चून भरलेल्या बॅगा घेऊन पोरंपोरी फिरतात. पण ते बिल्ले पत्र्याचे, गोल, मागे सेफ्टी पिन असलेले. आपल्याकडे निवडणुकीत कार्यकर्ते छातीवर लावतात तेच. त्यातलं नेहमीचं माप ५७ मिलिमीटरच्या आसपास. आकाराने मोठे आणि वजनाला हलके. तयार बॅगेची खिडकी आणि आतलं कापड त्या हिशोबाने केलेलं असतं. तुझ्या पिनांचं सगळं उलट आहे. दहाच्या नाण्याहून जराशा मोठ्या, पण भरीव धातूच्या, आणि मागे सेफ्टी पिन नाही, सरळ खिळा. पत्र्याच्या बिल्ल्याची सुई कापडात आडवी शिरते, वजन दोन ठिकाणी वाटलं जातं. तुझ्या पिनेचा खिळा कापडातून आरपार जातो आणि सगळा भार एका भोकावर येतो. तयार बॅगेत मिळतं ते पातळ कापड आठ-पंधरा दिवसांत पोट सोडतं, पिना माना खाली घालतात.

म्हणून मी कोणालाही आधी बॅग बघू देत नाही, आधी पिना मोजायला लावते. घरच्या वजनकाट्यावर दहा पिना एकदम ठेव. तीन सेंटीमीटरची पिन साधारण आठ ते बारा ग्रॅम भरते. चाळीस पिना म्हणजे नुसत्या पिनाच ४०० ग्रॅम झाल्या. त्यावर बॅग, पाण्याची बाटली, प्रॅक्टिकलचं जर्नल. एका खांद्यावरची नाजूक पट्ट्याची बॅग त्यात बसतच नाही. दोन खांद्यांची घे, नाहीतर निदान दीड इंच रुंद नवार पट्टा असलेली, आणि पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे चौकोनात फुली मारून शिवलंय का ते बघ. नुसती सरळ शिलाई असेल तर बॅग खाली ठेव आणि दुकानातून बाहेर ये.

मग खिडकीचं माप. समजा खिडकी २८ बाय २० सेंटीमीटर. चारी बाजूंनी दीड-दीड सेंटीमीटर सोडावंच लागतं, कारण कडेला प्लास्टिक वळतं आणि तिथली पिन धड दिसत नाही, वर घासते ती वेगळीच. राहिलं २५ बाय १७. तीन सेंटीमीटरच्या पिनेला शेजारची मोकळी जागा धरून साडेतीन लागतात. म्हणजे आडव्या सात, उभ्या चार, अठ्ठावीस. तुझ्या चाळीस त्यात जाणार नाहीत, आणि कोंबू नकोस. दोन पाट्या कर. एक किल्ल्यांची, एक अॅनिमेची. आठवड्याने बदल. बॅग तीच राहते, वजन निम्म्यावर येतं.

पाटी म्हणजे आतला, पिना टोचायचा तुकडा. माझ्या मते पैसे आणि वेळ दोन्ही इथे घालावेत. बॅगेत घालू नयेत. मी ती अशी करते: पुढे जाड मॅटी किंवा कॅनव्हास, त्याच्या पाठीला शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात ते बकरम इस्त्रीने चिकटवून, आणि मागे स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती फोम शीट, तीन मिलिमीटरची. त्याहून जाड घेऊ नकोस. पिनेचा खिळा सात-आठ मिलिमीटरचा असतो. त्यातले तीन-चार मिलिमीटर पाटीने खाल्ले तर मागची टोपी बसायला पुरेसा उरतो. योगा मॅट कापून घालणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. सहा मिलिमीटरच्या मॅटमध्ये खिळ्याचं नुसतं टोक मागे डोकावतं, टोपी टोकावरच अडकते आणि पायरी उतरताना टप्पकन पडते. फ्लेक्सवाल्यांकडचा सनबोर्डही नको. दिसायला ताठ, पण प्रत्येक पिनेला आधी टोच्याने भोक पाडावं लागतं आणि मांडणी बदलली की जुनी भोकं तशीच दिसत राहतात.

पाटी खिडकीमागे नुसती सरकवून ठेवायची नाही. वरच्या कडेला तीन टिचबटणं लाव, त्यांची जोडी बॅगेला. पाटी वरून लटकली की भार टिचबटणांवर जातो, खाली घसरत नाही. आणि पाटीच्या पाठीला अस्तराचा एक मोकळा पडदा शिव, नाहीतर मागच्या टोप्या तुझ्या जर्नलची पानं ओरबाडतील.

मागच्या टोप्यांबद्दल एवढंच की जॅकेटवरच्या दोन पडल्या त्या बहुतेक पितळी, दोन कानांच्या टोपीच्या असणार. ती दाबली की सुटते, आणि गर्दीत कोणीतरी दाबतंच. रबराची बरी, पण वर्षा-दोन वर्षांत रबर सैल पडतं. लॉकची टोपी मिळते, वरचं बोंड ओढल्याशिवाय निघत नाही. ती थोडी महाग आणि जरा जाड असते. ज्या पिना परत मिळणार नाहीत, तेवढ्यांनाच लाव. खिडकीच्या कप्प्याची चेन मात्र बॅगेच्या आतून उघडणारी हवी, बाहेरून नको. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत गर्दीतून चालत जायचं असेल तर का ते सांगायला नको.

तर उत्तर: साधी, जाड कॅनव्हासची कॉलेजची बॅग घे, पुढचा कप्पा उसवून खिडकी लावून घे. आईला सांग, तिचं बरोबर आहे, फक्त दोन बॅगा नकोत, एक बॅग आणि दोन पाट्या.

आणि किल्ल्यांच्या पाटीसाठी एक सुचवते, पटलं तर बघ. आकारावर किंवा रंगावर लावू नकोस, जिथल्या तिथे लाव. मधोमध अजिंक्यतारा, तुझ्या घरावरचा. डावीकडे सरळ रेषेत कडेपर्यंत गेलं की वासोटा. अजिंक्यताऱ्याच्या डावीकडे जरा खाली, अगदी जवळ, सज्जनगड. वर डाव्या कोपऱ्यात प्रतापगड. वर मधल्या भागात वाईकडचा वैराटगड, आणि उजवीकडे वर कल्याणगड. मग निळा रेशमी दोरा घेऊन कृष्णा काढ. वर डावीकडे महाबळेश्वरातून निघायचं, वाईवरून उजवीकडे उतरत यायचं, अजिंक्यताऱ्याच्या उजव्या अंगाला माहुली, तिथे वेण्णा येऊन मिळते, तिला फिक्या निळ्याचा धावदोरा पुरे. मग खाली कऱ्हाडच्या दिशेने. कृष्णेला साखळी टाका घाल, तो दुरून दिसतो. दोरा पिना लावायच्या आधी, आणि फोम चिकटवायच्याही आधी भरायचा, बकरम लावलेल्या कापडावर. अजून न चढलेल्या किल्ल्याची जागा रिकामी सोड. सातारकर माणूस ती रिकामी जागा बघूनच विचारेल, की इथं अमका कुठाय.

पिना चांगल्या आहेत, बॅगही चांगली मिळाली, पण लावल्यावर सगळं गिचमिड दिसतं. मैत्रिणीच्या बॅगेत कमी पिना असून ती उठून दिसते. काय चुकतंय? मागे मी आजीच्या खणाचं कापड लावलंय.
— विश्रामबाग, सांगली

खण काढ. मला खण जिवापाड आवडतो, पण त्याचं काठापासून बुट्ट्यांपर्यंत स्वतःचं बोलणं चालू असतं, त्याच्यापुढे तीन सेंटीमीटरच्या पिनेचं कोण ऐकणार? शिवाय आजीचा जुना खण म्हणजे विरायला आलेला. खिळ्याने एकदा धागा तुटला की भोक बुजत नाही, पसरत जातं. त्या खणाची पट्टी खिडकीच्या बाहेर, चौकटीला गोट म्हणून लाव. तिथे तो शोभेल आणि टिकेलही.

पाटीला एकरंगी, न चमकणारं कापड हवं. वेलवेट भुलवतं, पण त्यावर धूळ आणि केस चिकटतात आणि खिडकीच्या आतून ते झटकता येत नाहीत. रंग ठरवताना पिनांची कड बघ. पिनेच्या चित्राभोवती धातूची जी रेघ असते ती सोनेरी असेल तर गर्द मरून, बाटलीचा हिरवा किंवा नेव्ही निळा घे. रुपेरी असेल तर काळा किंवा राखाडी. काळ्या कडेच्या पिना गडद कापडात बुडून जातात, त्यांना हातमागाचा कोरा पांढरट रंग बरा. तुझ्याकडे तिन्ही प्रकार मिसळलेले असतील तर मधला मातकट रंग घ्यावा लागेल, त्यात कोणीच फार उठत नाही आणि कोणीच मरत नाही.

आता मांडणी. पिना थेट पाटीला टोचत बसू नकोस. खिडकीच्या मापाचा खाकी कागद काप, जमिनीवर पसर, त्यावर पिना नुसत्या पालथ्या-उताण्या करत हलव. मधूनमधून उभी राहून मोबाइलवर फोटो काढ. डोळ्याला वाटतं भरलंय, फोटोत कळतं की एका कोपऱ्यात सगळे लाल रंग जमलेत. सगळ्यांत मोठी पिन नेमकी मध्यावर ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. ती मध्यापासून थोडी खाली आणि एका बाजूला ठेवून बघ. वजनही खाली राहतं आणि बाकीच्यांना तिच्याभोवती फिरायला जागा मिळते. मोठ्या तीन, मग मधल्या, आणि बारीकसारीक शेवटी, पण प्रत्येक फट बारक्या पिनेने बुजवायची नाही. तुझ्या मैत्रिणीची बॅग उठून दिसते ती सोडलेल्या जागांमुळे.

एक बघ: पिन उलटी करून मागे किती खिळे आहेत ते मोज. दोन असतील तर ती जशी लावशील तशी राहते. एकच असेल तर चालताना हळूहळू फिरते, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत पिनेवरचं मांजर पाठीवर झोपलेलं असतं. अशा पिनेच्या मागे, कापड आणि टोपीच्या मध्ये, सायकलच्या ट्यूबचा चण्याएवढा तुकडा खिळ्यात ओवायचा. रबर कापडाला धरतं, पिन हलत नाही.

मग जागा पक्क्या झाल्या की कागदावर प्रत्येक पिनेभोवती पेन्सिल फिरव, खिळ्याच्या जागी टिंब दे. कागद पाटीवर ठेवून टिंबांतून सुईने टोच आणि कागद काढून पिना लाव. सुईने आधी वाट केली की खिळा सरळ जातो. जोर लावून घुसवलेला खिळा वाकतो, आणि वाकलेला खिळा सरळ करायला गेलं की मुळातूनच निघतो. तो झाळून जोडलेला असतो.

हार्ड आणि सॉफ्ट इनॅमलच्या पिना शेजारी शेजारी लावू नकोस, एवढं माझं खाजगी मत. पिनेवरून नख फिरव. गुळगुळीत लागली तर हार्ड. तिचा रंग भरून, भाजून वरून घासून सपाट केलेला असतो. नख कडेकडेला अडखळलं तर सॉफ्ट. रंग खोलात, धातूच्या रेघा वर. हार्ड पिन उजेडात आरशासारखा एकच कवडसा टाकते, सॉफ्टवर बारीक बारीक चमकतं. दोन्ही एका रांगेत आल्या की सॉफ्ट बिचारी मळकट वाटते, नसली तरी. सॉफ्टच्या खाचांत धूळही जास्त बसते. ती कोरड्या, मऊ दाढीच्या ब्रशने काढ. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर अजिबात नको. ती भांडी अस्सल पितळेची असतात. तुझ्या पिनेवर मुलाम्याचा पातळ थर आहे, तोच निघून जाईल.

माझा मुलगा चौथीत आहे. दप्तराला पिना लावायचा हट्ट करतो. शाळेतून आला की एखादी गायब असते. काय करू?
— मिरज

दप्तराला लावूच नका, ताई. शाळेत ढकलाढकली होते, आणि टोपी पडल्यावर उघडा खिळा शेजारच्या पोराच्या दंडात जातो. घरात धाकटं भावंड असेल तर सुटलेली टोपी तोंडात जायची भीती आहे, ती आणखी वाईट. शाळेला त्याला मऊ रबराचे किंवा कापडी, इस्त्रीने चिकटणारे बिल्ले द्या. पिनांसाठी घरात भिंतीवर एक पाटी टांगा, वर जी सांगितली तशीच. रविवारी बाहेर निघताना एक पिन, त्याच्या आवडीची, शर्टाच्या खिशाला लॉकच्या टोपीने. हट्ट निम्मा तरी भागेल.

मी ६८ वर्षांची, निवृत्त प्राध्यापिका. बरीच वर्षं कॉलेजात एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, काम पाहिलं. त्यावेळचे बिल्ले, शिबिरांच्या पिना, शिवाय आईचा एक जुना मीनाकारीचा ब्रोच आहे. डिसेंबरात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. नात म्हणते, आजी, सगळं खिडकीच्या पर्समध्ये लावून ने. या वयात ते बरं दिसेल का? आणि जुन्या वस्तूंना काही होणार नाही ना?
— वाई

बाई, बरं दिसण्याचा प्रश्न मी तुमच्या नातीवर सोडते, ती माझ्याआधी हो म्हणून बसली आहे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र थोडं थांबू.

ब्रोच नेऊ नका. पिना म्हणून आज बाजारात मिळतं त्यातल्या बहुतेकांत रंग किंवा रेझिन भरलेलं असतं, इनॅमल हे नाव तेवढं राहिलंय. तुमच्या आईच्या ब्रोचवर खरं मीनाकाम असेल तर तो रंग म्हणजे काच आहे. काचेची पूड धातूवर घालून ८०० अंश सेल्सियसच्या आसपास भट्टीत वितळवलेली. ती रंग सोडत नाही, उन्हाने उडत नाही, शंभर वर्षं तशीच राहते. पण शेजारच्या पिनेचा धक्का लागला की टवका उडतो, आणि तो टवका परत भरून देणारा कारागीर सहज सापडत नाही. ब्रोच मऊ सुती कापडात एकटा गुंडाळून कपाटात राहू दे. मेळाव्याला पदराला लावणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे त्याला कोणी शेजारी नाही.

बाकीच्यांसाठी हातात धरायची, चपट्या तोंडाची पर्स शिवून घ्या, खिडकी पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी, बास. पाठीला खिळे नसलेले, सेफ्टी पिनेचे जुने बिल्ले असतील तर त्यांची सुई आधी तपासा. गंजलेली असेल तर कापडावर तांबूस डाग सोडते, आणि तो डाग धुऊनही जात नाही. अशी सुई वापरू नका, बिल्ल्याच्या मागच्या कडीतून दोऱ्याचे दोन टाके घेऊन पाटीला शिवून टाका.

एनएसएसचा बिल्ला सगळ्यांत वर ठेवा. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ही योजना सुरू झाली, आणि कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक हे तिचं चिन्ह. ते चाक तुमच्या पोरांनी वर्षानुवर्षं छातीवर लावलंय, सभागृहाच्या पलीकडच्या टोकावरून त्यांना ते ओळखू येईल. शिबिरांच्या पिना त्याखाली, वर्षांच्या क्रमाने. आता पन्नाशीला आलेला एखादा बाप्या तुमच्या पर्सवर वाकून आपलं शिबिर शोधेल. नातीला शेजारी उभी करा, तिला मजा येईल.

आमच्याकडे पावसाळ्यात खिडकीला आतून वाफ धरते आणि काही पिनांवर तांबूस ठिपके आलेत. प्लास्टिकही मधे मधे चिकट लागतं. उपाय सांगा.
— पाटण

तीन वेगळ्या तक्रारी आहेत, कारणंही वेगळी.

वाफ धरते कारण कप्पा बंद आणि आत दमट हवा. तुम्ही पावसातून गरम खोलीत येता, परत बाहेर जाता, प्लास्टिक बाहेरून गार होतं आणि आतल्या हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं. कप्प्याच्या खालच्या शिवणीत दोन्ही टोकांना एकेक छोटं आयलेट मारून घ्या. हवा खेळते, पाणी आलंच तर निथळतं. रात्री पाटी टिचबटणं काढून बाहेर ठेवा. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घाला, पण पाटणच्या जुलैत त्या लवकर पाणी पिऊन बसतात, बदलत राहावं लागेल. तांदूळ घालू नका. कोणीतरी सांगतंच. ओलावा फारसा ओढत नाही आणि वर किडे होतात.

तांबूस ठिपके म्हणजे गंज, आणि गंज लोखंडाला चढतो. फ्रिजवरचं चुंबक आणून पिनांना लावून बघा. ज्या खटकन चिकटतात त्या लोखंडी, ज्या चिकटत नाहीत त्या पितळेच्या किंवा जस्ताच्या मिश्रधातूच्या. लोखंडी पिना जून ते सप्टेंबर डब्यात. बाकीच्या बाहेर. पाटी बदलायचं निमित्तही मिळतं.

चिकटपणा प्लास्टिकचा आहे. खिडक्या बहुतेक पीव्हीसीच्या असतात, आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य उष्णतेने वर येतं. पिनेचा रंग त्याला टेकला तर दोन्ही एकमेकांना धरून बसतात, सोडवताना रंग निघतो. तेव्हा खिडकी आणि पिना यांच्यात अर्ध्या बोटाचं अंतर हवंच. कप्प्याला भोवताली सेंटीमीटरभर उंचीची पट्टी लावली की ते राहतं. बॅग स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. पाटणला त्याचं एवढं नाही, पण सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा डिकीत काय होतं ते विचारू नका. टीपीयू नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची खिडकी मिळाली तर ती कमी चिकटते, पण महाग पडते.

आत्ता चिकट झालेली खिडकी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब घालून, मऊ फडक्याने पुसून, पूर्ण वाळू द्या. रॉकेल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, काहीही नको. खिडकी धुरकटते ती कायमची.

घरच्या मशीनवर खिडकी शिवता येते का?
— विटा

येते. टेबलावर अंथरायचं पारदर्शक प्लास्टिक मीटरवर मिळतं, ते ०.३ मिलिमीटरच्या आसपासचं घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे घरच्या मशीनचा जीव जातो, आणि तसलं प्लास्टिक थंडीत कडक होऊन तडकतं. १६ नंबरची सुई लावा. टाचण्या टोचू नका, भोक कायम राहतं. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरा. मशीनचा पाय प्लास्टिकवर चिकटून थांबतो, त्यासाठी वरून बटर पेपरची पट्टी ठेवून तिच्यासकट शिवा, नंतर पट्टी फाडून काढा. टाका लांब ठेवा, चार मिलिमीटरचा. बारीक टाका घातला तर पोस्टाच्या तिकिटासारखं भोकांवरून फाटून हातात येईल. आणि उसवायची वेळ येऊ देऊ नका, तीच भोकं परत वापरता येत नाहीत. आधी जुन्या तुकड्यावर वीतभर शिवून बघा, मग बॅगेला हात लावा. माप पाठवाल तर खिडकीच्या चारी बाजूंना एकेक सेंटीमीटर शिवणीसाठी जास्त धरून पाठवा, निम्मे लोक ते विसरतात.